जुन्या अमेरिकन मसल कारचं रूप कसं घडवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९६४ ते १९७२ या काळातल्या अमेरिकन मसल कार ज्यांच्याकडे आहेत, ज्यांना घ्यायच्या आहेत किंवा ज्यांना त्या नुसत्या आवडतात, अशा लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर गाडीच्या रूपावर आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांचा विषय जिथे रूपाशी गाठ पडते तिथेच घेतला आहे.

मसल कार नेमकी कशाला म्हणायचं? मस्टँग त्यात धरायची का?

मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं, ही मूळ कल्पना. पाँटियाक कंपनीने १९६४ साली टेंपेस्ट मालिकेवर ‘जीटीओ’ नावाचं पॅकेज दिलं आणि हा प्रकार रुजला. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही, असा पाँटियाकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पाँटियाकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन पर्यायी पॅकेजमध्ये घालून त्यातून वाट काढली. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या.

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आलेली फोर्डची मस्टँग, त्याच सुमाराला आलेली प्लिमथची बॅराकुडा, पुढे शेवरोलेची कॅमारो आणि डॉजची चॅलेंजर या आकाराने लहान, त्यांना ‘पोनी कार’ म्हणतात. काटेकोर मंडळी हा भेद पाळतात. रूपाचे प्रश्न दोन्हींत सारखेच असल्यामुळे इथे दोन्ही घेतल्या आहेत.

गाडी हातात आली. सुरुवात कशापासून करू? रंगापासून?

रंग शेवटी. आधी गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहते ते ठरवा, मग चाकं ठरवा, मग पत्र्याचं काम, आणि ते झाल्यावर रंग. हा क्रम उलटा केला तर आधी कपडे शिवून मग माप घेतल्यासारखं होतं: रुंद टायर मडगार्डला घासतो, कड वळवावी लागते आणि नव्या रंगाला तडा जातो.

उंचीला एवढं महत्त्व का? या गाड्यांच्या बाजूच्या रेषा चित्रकाराने एका विशिष्ट तोलावर काढलेल्या आहेत. १९६८ च्या डॉज चार्जरची कंबर दारापाशी आत जाते आणि मागच्या चाकावर पुन्हा फुगते. १९६९ च्या कॅमारोत चाकांच्या कमानींपासून मागे ओढल्यासारख्या घड्या निघतात. नाक वर आणि शेपूट खाली असेल तर या रेषा मेल्यासारख्या दिसतात. तीच गाडी पुढून साधारण इंचभर खाली आणली की उभ्या जागी धावायच्या तयारीत वाटते. कारखान्यातून बऱ्याच गाड्या आपल्याला आज बऱ्या वाटतात त्याहून उंच निघत, आणि पन्नास वर्षांत स्प्रिंगा बसल्याने मागची बाजू दबलेली असते. त्यामुळे ‘मूळ उंची’ म्हणून जी दिसते ती बऱ्याचदा मूळ नसतेच.

क्रायस्लर गटाच्या गाड्यांचं या बाबतीत भाग्य मोठं. डॉज आणि प्लिमथच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) असतात, एक बोल्ट फिरवला की पुढची उंची बदलते. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांना योग्य मापाच्या स्प्रिंगा विकत घ्याव्या लागतात. जुनी स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून बसवू नका. तापवलेल्या पोलादाचा ताण जातो, गाडी खड्ड्यात आपटते आणि स्प्रिंग तुटूही शकते. मागे पाटे असतील तर कमी कमानीचे पाटे मिळतात, तेच बसवा.

१९६५-६६ च्या मस्टँगमध्ये एक जुना, खात्रीचा उपाय आहे: पुढच्या वरच्या आर्मचं टेकणं साधारण एक इंच खाली घ्यायचं. कॅरॉल शेल्बी यांनी मस्टँगवरून बनवलेल्या जीटी-३५० गाड्यांमुळे त्याला ‘शेल्बी ड्रॉप’ नाव पडलं. याने गाडी थोडी खाली बसते आणि वळणावर पुढचं चाक रस्ता जास्त धरतं. छिद्रं पाडायचा साचा मिळतो, खर्च नगण्य. रूप आणि चाल दोन्ही सुधारणारं याहून स्वस्त काम मला माहीत नाही.

चाकं कोणती घ्यावी? १८ इंची वाईट दिसतात का?

त्या काळात रिम १४ किंवा १५ इंची असे आणि टायरची भिंत जाड. चाकाच्या कमानी त्याच गोलाईसाठी काढलेल्या आहेत. म्हणून रिमपेक्षा टायरचा बाहेरचा एकूण व्यास महत्त्वाचा. जुना एफ७०-१४ टायर सुमारे २६ इंच व्यासाचा होता (एफ हे मापाचं अक्षर, ७० म्हणजे रुंदीच्या तुलनेत भिंतीची उंची टक्क्यांत, १४ म्हणजे रिम). १७ इंची रिमवर २४५/४५ टायर चढवला तर व्यास २५.७ इंच येतो, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. १८ इंची रिमवर २७५/४० घेतला तर २६.७ इंच, मागच्या बाजूला चांगला बसतो. पुढे थोडा लहान आणि मागे थोडा मोठा व्यास ठेवला की ती पुढे झुकलेली ऐट आपोआप येते. २० इंचांच्या पुढे टायरची भिंत पट्टीएवढी उरते आणि माझ्या डोळ्याला गाडी खेळण्यातली वाटू लागते.

आकृतीचं म्हणाल तर पाच जाड आऱ्यांचं टॉर्क थ्रस्ट आणि क्रोमचं क्रेगर एसएस ही दोन चाकं त्याच काळातली आहेत आणि जवळपास कुठल्याही मसल कारला शोभतात. कारखान्याची चाकंही सुंदर होती: पाँटियाकचं रॅली-२, शेवरोलेचं रॅली, आणि फोर्ड, क्रायस्लर दोघांनीही वापरलेलं मॅग्नम ५००. आज हीच चाकं १७ इंची मापात नव्याने बनून मिळतात. ज्यांना आधुनिक ब्रेक घालायचे आहेत पण रूप जुनंच हवं आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम.

विकत घेण्याआधी रुंदीइतकंच ‘बॅकस्पेसिंग’ मोजा. रिमची आतली कड आणि हबला टेकणारी पाटी यांच्यातलं हे अंतर. ते जास्त झालं तर टायर आत स्प्रिंगला घासतो, कमी झालं तर बाहेर मडगार्डच्या कडेला. पुढचं चाक पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून, गाडीचं वजन चाकावर असताना मापं घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीचं माप फसवं असतं.

मागे खूपच रुंद टायर हवा असेल तर आतला मडगार्ड कापून आतल्या अंगाला रुंद करावा लागतो. बाहेरून काही कळत नाही, टायर मात्र भरगच्च बसतो. चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्यायचं काम.

नटांचं माप सगळ्यांत एकच असतं का?

नाही. शेवरोले, पाँटियाक वगैरे जनरल मोटर्सच्या बहुतेक मसल कारना पाच नट ४.७५ इंचांच्या वर्तुळावर, फोर्ड आणि मोठ्या डॉज-प्लिमथना ४.५ इंचांच्या. त्या काळातल्या डॉज डार्टला आणि पहिल्या बॅराकुडांना ४ इंचांचं लहान वर्तुळ. सहा सिलिंडरच्या सुरुवातीच्या मस्टँगला तर चारच नट. आणि एक सावधगिरी: १९७० पर्यंतच्या बऱ्याच क्रायस्लर गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलं तर सैल करायच्या नादात माणूस बोल्ट तोडतो.

मूळ रूपात ठेवू, की बदल करू? ‘डे टू’, ‘रेस्टोमॉड’, ‘प्रो टूरिंग’ हे काय प्रकार आहेत?

कारखान्यातून निघाली तशी परत उभी करणं म्हणजे रेस्टोरेशन. ‘डे टू’ म्हणजे १९६९ साली एखाद्या तरुणाने शोरूममधून गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिला नवी चाकं, हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्या), मागे जाड टायर लावले, तसं रूप; सगळे भाग त्याच काळातले. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डॉन येंको यांच्यासारखे विक्रेते हे काम दुकानातच करून देत. ‘प्रो स्ट्रीट’ची चलती १९८० च्या दशकात होती: मागे ड्रॅग रेसचे अवाढव्य टायर, बॉनेटमधून वर आलेला ब्लोअर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र). ‘रेस्टोमॉड’ म्हणजे जुन्या कवचात नवं यंत्र. त्यातलीच वळणावर आणि ट्रॅकवर धावायला बनवलेली शाखा म्हणजे ‘प्रो टूरिंग’. १९९० च्या दशकात मार्क स्टायलो यांनी बांधलेल्या १९६९ च्या कॅमारोंनी ती लोकप्रिय केली.

माझं मन ‘डे टू’कडे आणि संयमाने केलेल्या रेस्टोमॉडकडे झुकतं. पण निवड करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा, कारण तो हौसेच्या आधी येतो.

माझी गाडी खरी एसएस किंवा आर/टी (शेवरोले आणि डॉजच्या ताकदवान आवृत्त्या) आहे, की कुणी बिल्ले लावलेली? आणि त्याने काय फरक पडतो?

फार फरक पडतो. अस्सल दुर्मीळ गाडी कापली की ती परत येत नाही. १९६९ साली ४२७ घनइंचांच्या ॲल्युमिनियम इंजिनाच्या झेडएल-१ कॅमारो फक्त ६९ बनल्या. १९७१ ची हेमी (क्रायस्लरचं ४२६ घनइंचांचं ताकदवान) इंजिनाची, उघड्या टपाची प्लिमथ कुडा (बॅराकुडाची ताकदवान आवृत्ती) २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाडीच्या मडगार्डला करवत लावणं मला पटत नाही, पैशासाठी नव्हे, तर त्या काळचं काम पुढच्यांना बघायला राहावं म्हणून. याउलट साधी सहा सिलिंडरची किंवा लहान व्ही-८ची मालिबू, मस्टँग कूपे, सॅटेलाइट घ्या आणि मनासारखी घडवा. त्या लाखोंनी बनल्या होत्या.

ओळखायचं कसं? फोर्ड आणि क्रायस्लरच्या चेसिस नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. प्लिमथ-डॉजमध्ये १९६६ पासून पुढे काही वर्षं ४२६ हेमीची खूण इंजिनाच्या अक्षरातच सापडते. १९७० च्या गाडीत ती ‘आर’. मस्टँगमध्ये ‘के’ म्हणजे २८९ हाय-परफॉर्मन्स, ‘जी’ म्हणजे १९६९-७० ची बॉस ३०२. पाँटियाक जीटीओचा नंबर १९६६ पासून २४२ ने सुरू होतो, त्याआधीच्या दोन वर्षांत मात्र नंबरावरून कळत नाही. १९६७ ते ६९ च्या कॅमारोत एसएस आहे की नाही हे नंबर सांगत नाहीच, आणि म्हणूनच खोट्या एसएस सर्वांत जास्त तिथेच. अशा वेळी कागद बघायचे: क्रायस्लरची मडगार्डवरची टिनाची पाटी आणि सीटखाली सापडणारा ‘ब्रॉडकास्ट शीट’ (कारखान्यातला बांधणीचा कागद), १९६७ पासूनच्या फोर्डसाठी कारखान्याच्या नोंदींवरून मिळणारा मार्टी रिपोर्ट, पाँटियाकसाठी पीएचएसची (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कागदपत्रं.

नक्कल करणं गुन्हा नाही. विकताना ती नक्कल आहे हे सांगा, एवढंच.

१९६७ आणि १९६८ ची कॅमारो लांबून कशी ओळखायची?

१९६७ ला दाराच्या पुढच्या कोपऱ्यात छोटी तिकोनी खिडकी असते आणि मडगार्डांवर बाजूचे दिवे नसतात. १९६८ ला तिकोनी खिडकी गेली आणि अमेरिकेत नवा नियम आल्याने बाजूचे दिवे आले. हे विचारायचं कारण असं की ६७ च्या गाडीला ६८ चे मडगार्ड लावलेल्या गाड्या बाजारात खूप आहेत.

पट्टे कुठले शोभतील? कुठलेही चालतात का?

पट्टे हा या गाड्यांचा खरा अलंकार आहे, आणि प्रत्येक पट्ट्याला घराणं आहे. नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध जाणारे दोन रुंद पट्टे ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या शर्यतीच्या पांढऱ्या-निळ्या गाड्यांच्या परंपरेतले. शेल्बीच्या मस्टँगमुळे ते घरोघरी पोचले. पण १९६५ च्या जीटी-३५० वर कारखान्याचे पट्टे होते ते दाराखाली, वरचे दोन विक्रेत्याकडून जादा लावून मिळत. म्हणजे वर पट्टे नसलेली, पांढरीशुभ्र शेल्बी अधुरी नाही.

नाकाभोवती वळसा घालणारा पट्टा १९६७ च्या कॅमारो एसएसचा. शेपटीभोवतीचे दोन पट्टे १९६८ पासूनच्या डॉज ‘स्कॅट पॅक’ गाड्यांचे. मागच्या मडगार्डवर हॉकी स्टिकसारखा वळलेला आणि आत इंजिनाचा आकडा लिहिलेला पट्टा १९७० च्या कुडाचा. १९७१ ला तोच फुगून दारापर्यंत पसरला. बॉस ३०२ चं बाजूचं इंग्रजी सी-अक्षराचं चित्र फोर्डचे डिझायनर लॅरी शिनोडा यांनी आखलं, १९६९ चं. ७० साली ते बॉनेटवरून खाली उतरलं.

डॉजचा पट्टा शेवरोलेवर लावू नका, जाणकाराच्या डोळ्यात लगेच खुपतो. नवं काही करायचं असेल तर गाडीच्या अंगच्या घडीला धरून पट्टा ओढा. कारखान्यात बहुतेक पट्टे चिकटवलेले किंवा क्लिअर कोटशिवाय (वरच्या पारदर्शक थराशिवाय) रंगवलेले असत, कडा बोटाला लागत. आज रंगवून वर क्लिअर मारला तर हात फिरवल्यावर काहीच लागत नाही. टिकाऊपणासाठी मी रंगवलेला पट्टा सुचवेन. हुबेहूब रेस्टोरेशन असेल तर मात्र कड हाताला लागलीच पाहिजे.

रंग कोणता? आणि कुठली पद्धत?

१९७० च्या आसपासचे क्रायस्लरचे रंग आजही डोळे दिपवतात. एकाच जांभळ्याला डॉज ‘प्लम क्रेझी’ म्हणे, प्लिमथ ‘इन-व्हायोलेट’. दोन्हींचा कोड एफसी७. ईव्ही२ म्हणजे डॉजचं ‘हेमी ऑरेंज’, एफजे५ ‘सब्लाइम’ हिरवा, एफएम३ ‘पँथर पिंक’. पाँटियाकने १९६९ साली जीटीओ ‘जज’ आणली तेव्हा सुरुवातीच्या गाड्या ‘कॅरोसेल रेड’ या केशरी-लालमध्येच निघाल्या. ब्युइकची १९७० ची जीएसएक्स पिवळ्या आणि पांढऱ्या अशा दोनच रंगांत, एकूण ६७८ गाड्या. तुमच्या गाडीचा मूळ रंग असा असेल तर तोच परत मारा. काळ्या आणि राखाडीच्या गर्दीत या गाड्या वेगळ्या दिसायला जन्मल्या आहेत.

मूळ रंग मंद तपकिरी किंवा फिकट हिरवा असेल आणि गाडी दुर्मीळ नसेल, तर त्याच कंपनीच्या त्याच वर्षाच्या यादीतला दुसरा रंग निवडा. तो त्या घड्यांवर छानच बसतो.

जनरल मोटर्स त्या काळी ॲक्रिलिक लॅकर वापरी, फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल. आज जवळपास सगळे बेस कोट आणि त्यावर क्लिअर कोट मारतात. चमक जुन्यापेक्षा जास्त येते, ऊन सहन होतं. रंगाच्या गुणवत्तेचा मोठा भाग मात्र रंगाखाली असतो. लांब ठोकळ्यावर कागद लावून पत्रा पुन्हा पुन्हा घासायचा, तोवर की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारावरून मडगार्डवर सरळ जाईल. दार, बॉनेट, डिकी यांच्या फटी कारखान्यात कधी सारख्या नसत. चांगला कारागीर त्या सगळीकडे तीन ते चार मिलिमीटर करून देतो. गाडी ‘भारी’ का वाटते हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण डोळ्याने या फटीच टिपलेल्या असतात. पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर इथे.

बॉनेटवर स्कूप (हवा आत घेणारं फुगीर तोंड) बसवायचा आहे. कोणता?

खरी हवा घेणारा, नाहीतर गाडीला मुळात होता तो. १९६४ च्या जीटीओवरचे स्कूप नुसते शोभेचे होते, म्हणून शोभेच्या स्कूपला नाक मुरडायचं कारण नाही. पण त्यामागची बुद्धी समजून घेतली तर निवड सोपी होते. काचेच्या तळाशी हवेचा दाब जास्त असतो. म्हणून १९६९ च्या कॅमारोचं आणि १९७० च्या शेवरोले शेव्हेलचं ‘काउल इंडक्शन’ बॉनेट काचेकडे तोंड करून उघडतं. शेव्हेलमध्ये तर पाय दाबला की इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी झडप उघडते. ‘शेकर’ इंजिनालाच बसवलेला असतो आणि बॉनेटच्या भोकातून वर येतो, इंजिन थरथरलं की तोही थरथरतो. १९६९ च्या मस्टँगवर आणि १९७० च्या कुडा-चॅलेंजरवर तो आला. प्लिमथ रोड रनरचं ‘एअर ग्रॅबर’ डॅशबोर्डवरच्या बटणाने वर उठायचं, बाजूला दात रंगवलेले.

शेव्हेलवर काउल इंडक्शनचं फुगीर बॉनेट घ्याल तर दोन इंच उंचीचं घ्या. चार-सहा इंचांचं बॉनेट चालवणाऱ्याची नजर अडवतं आणि पुढची सगळी रेष मोडतं.

मागे स्पॉयलर (डिकीवरचा हवेचा पंख) आणि मागच्या काचेवर आडव्या झापांच्या पट्ट्या?

जीटीओ जज, मस्टँग बॉस ३०२, कॅमारो झेड-२८ यांना शोभतात. चार्जरला नको, तिची मागची काच आणि दोन्ही बाजूंचे उतरते खांब हेच तिचं सौंदर्य. चार्जर डेटोनाचा उंच पंख वेगळी गोष्ट: तो नॅसकार शर्यतीसाठी होता, आणि मार्च १९७० मध्ये बडी बेकर यांनी टॅलाडेगाला तशाच गाडीत ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला.

सगळं क्रोम काढून काळं करू का? हल्ली सगळे करतात.

थोडं थांबा. १९७० च्या चार्जरचा पुढचा बंपर म्हणजे ग्रिलभोवतीची क्रोमची अख्खी चौकट आहे, ती काळी केली तर चेहराच जातो. उलट बॉस ३०२ वर शिनोडांनी क्रोम आणि बाजूचे खोटे स्कूप काढून टाकले आणि गाडी उजळली, कारण तिथे काळ्याला जागा ठरवून दिली होती: बॉनेट, डिकी, पट्टे. कमी करायचंच असेल तर बंपर ठेवा, पण तो अंगाला जवळ बसवून घ्या आणि त्याचे दिसणारे बोल्ट घासून काढा. किती फरक पडतो ते पाहून आश्चर्य वाटेल.

विनाइलचा टप ठेवू की काढू?

काढून बघाच, आत गंज असण्याची शक्यता मोठी. कापडाखाली पाणी अडतं आणि मागच्या काचेभोवतीचा पत्रा कुजतो. एक अडचण: विनाइल येणार म्हणून कारखान्याने टप आणि मडगार्डांच्या सांध्यावर हात फिरवलेला नसतो. उघडा टप हवा असेल तर तो सांधा नव्याने भरून घासावा लागेल.

हेडलाइट एलईडी लावू का?

त्या काळचे बंद काचेचे दिवे आज अंधुक वाटतात. बाहेरून जुन्या काचेसारखे दिसणारे आणि रस्त्यावर कायदेशीर असलेले एलईडी घ्या, निळसर प्रकाशाचे नकोत. झाकलेले हेडलाइट असतील तर यंत्रणा ओळखा: १९६७ च्या कॅमारो आरएसला विजेच्या मोटरी आहेत, ६८-६९ ला व्हॅक्यूम. व्हॅक्यूमच्या नळ्या चिरल्या की एक डोळा उघडा राहतो. नव्या मोटरींचे संच मिळतात आणि ते बसवण्यात कमीपणा नाही.

आतून काय करावं?

मूळ कापड आणि मूळ मीटरची मांडणी शक्य तितकी राखा. कॅमारोचं काळं-पांढरं हाउंडस्टूथ कापड, डॉज-प्लिमथचा पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअर लिव्हर, पाँटियाकचा बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर, यांच्यासारखं पुन्हा कुणी केलं नाही. एसी, आवाज अडवणारे थर, तीन बिंदूंचे सीटबेल्ट हे सगळं लपवून घालता येतं. डॅशबोर्डच्या मधोमध टॅबलेट बसवला की मात्र १९७० साल तिथेच संपतं.

इंजिन बदलू का?

मूळ नंबरचं, म्हणजे गाडीसोबतच कारखान्यातून आलेलं, इंजिन असेल तर ते जपून ठेवा, विकू नका. बाकी गाड्यांत शेवरोलेचं एलएस, फोर्डचं ५ लिटर कोयोटी, क्रायस्लरचं नवं हेमी हे नेहमीचे पर्याय. कोयोटी रुंद आहे, जुन्या मस्टँगचे स्प्रिंग टॉवर कापल्याशिवाय सहसा मावत नाही. लोखंडी बिग ब्लॉक (त्या काळचं मोठं व्ही-८) काढून ॲल्युमिनियमचं एलएस घातलं तर नाकावरचं वजन सुमारे शंभर किलोंनी कमी होतं आणि गाडी पुढून वर उठते. उंची ठरवताना हे आधी धरा.

जुन्या-नव्या ताकदीची तुलना करताना एक लक्षात असू द्या. १९७० च्या शेव्हेल एलएस-६ चे ४५० अश्वशक्ती हे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर न लावता बाकावर मोजलेले. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले आणि आकडे कागदावरही पडले.

ब्रेक तेच ठेवले तर चालतील?

चारही ड्रम असतील तर नाही. पुढे डिस्क घाला. १९६७ च्या आधीची एकाच सर्किटची मास्टर सिलिंडर असेल तर तीही बदला. एक नळी फुटली तर सगळे ब्रेक जातात.

जुन्या वायरिंगवर पंखे, एसी, दिवे चालतील का?

क्रायस्लर गाड्यांत तर अजिबात जोडू नका. त्यांचा सगळा चार्जिंगचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून जातो आणि फायरवॉलवरचा प्लास्टिकचा जोड तापून वितळतो. नवी वायरिंग, नवा फ्यूज बॉक्स, मीटरच्या जागी व्होल्टमीटर. रंग मारायच्या आधी करा, पुढचा भाग मोकळा असतो तेव्हा.

गंजून गेलेली गाडी घ्यावी का? आता नवे सांगाडे मिळतात म्हणे.

हो, डायनाकॉर्न कंपनी १९६९ च्या कॅमारोचे आणि १९६७-६८ च्या मस्टँग फास्टबॅकचे अख्खे सांगाडे बनवते. तरीही कॅलिफोर्निया, ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतली गाडी शोधा. मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाडीचा खालचा पत्रा आधी टोचून बघा. पत्र्याच्या कामाची मजुरी कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त खाते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, हाही एक फायदा.

भारतात अशी गाडी आणून तिच्यात फेरबदल करता येतील का?

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात एके काळी डॉज आणि प्लिमथ जुळत, पण मसल कारचा काळ आला तोवर तिथे फियाट बनत होती. त्यामुळे इथल्या मातीतली मसल कार मिळणं जवळपास अशक्य. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. म्हणजे भारतात मूळ रूपातली गाडी जपा. एलएस इंजिनाची रेस्टोमॉड करायची हौस असेल तर ती अमेरिकेत राहूनच भागवा. आयातीच्या अटी बदलत असतात, पैसे भरण्याआधी परकीय व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना वाचा.

चांगलं काम प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ भरतं, फर्नडेलपासून पाँटियाक शहरापर्यंत. मुख्य दिवस ऑगस्टमधला तिसरा शनिवार, पण आदल्या आठवडाभर संध्याकाळी गाड्या येतच असतात आणि तेव्हा मालकांशी बोलायला जास्त वेळ मिळतो. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. काटेकोर रेस्टोरेशन बघायचं असेल तर नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमाँटला मसल कार आणि कॉर्व्हेटचं प्रदर्शन असतं. नव्या पद्धतीचं काम, रिंगब्रदर्ससारख्या गाडी घडवणाऱ्यांच्या गाड्या, त्याच महिन्यात लास व्हेगासच्या सेमा शोमध्ये दिसतात, पण तो मुख्यतः व्यवसायातल्या लोकांसाठी आहे. जाल तिथे टेप सोबत न्या आणि आवडलेल्या गाडीच्या मालकाला विचारून जमिनीपासून कमानीपर्यंतची उंची, टायरचं माप आणि बॅकस्पेसिंग वहीत लिहून घ्या. बहुतेक मालक आनंदाने सांगतात.